बिननंबरी चासी

चासी घरी आणली तेव्हा तिच्यावर रंगाचे पाच थर होते आणि नाव एकही नव्हतं.

लाँग बीचला स्टेडियमच्या वाहनतळावर ठरावीक रविवारी मोटारसायकलींच्या जुन्या सामानाचा बाजार भरतो. उजाडायच्या आत लोक बॅटऱ्या घेऊन फिरत असतात. ताडपत्र्यांवर गंजलेले गिअर, डबेच्या डबे नटबोल्ट, पोचे आलेल्या टाक्या. अशाच एका ताडपत्रीच्या कडेला ही चासी कुंपणाला टेकवून उभी होती. मागं शॉकअप बसवायला जागाच नाही. पुढचा फोर्क बसतो त्या मानेपासून मागच्या आसापर्यंत नळ्या सरळ उतरत गेलेल्या. विकणारा सत्तरीचा, पांढऱ्या वेणीचा गडी. सत्तरच्या दशकातली आहे, इथलीच आहे, एवढं तो छातीठोक सांगत होता. कुणी बनवली म्हणून विचारलं तर आधी एका कंपनीचं नाव घेतलं. मी चासी उलटी करून शिक्का शोधायला लागलो तसं दुसरीचं घेतलं. सहाशे डॉलर म्हणत होता, साडेचारशेला दिली. शिक्का असता तर दिली नसती.

इथं तिला फ्रेम म्हणतात. मला तोंडात चासीच येतं, कारण तो शब्द मी अण्णांकडून उचलला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचं लेथ होतं. ऑइल इंजिनांचे बुश, उसाच्या चरकाचे शाफ्ट, क्वचित कुणाच्या बुलेटचा एखादा कॉलर. शेजारच्या गाळ्यात गॅस वेल्डिंग चाले. कार्बाइड पाण्यात पडलं की सुटणारा तो लसणीसारखा उग्र वास माझ्या शाळेच्या दप्तराला असायचा. मी शिकलो, इंजिनिअर झालो, इकडं आलो. बावीस वर्षं संगणकावर मशिनांचे भाग काढतोय. दोन तुकडे जिथं जोडायचे तिथं वेल्डचं चिन्ह टाकतो, बाण, छोटा त्रिकोण, माप. अशी हजारो चिन्हं टाकली असतील. स्वतःच्या हातानं वेल्ड मारलेलं एकही नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर चॉपर बांधायची खाज का सुटली, याचं माझ्या बायकोला मी दिलेलं उत्तर वेगळं होतं; खरं उत्तर हे.

इंजिन आधीच मिळालं होतं, १९६७चं हार्ले, शव्हलहेड, ७४ घनइंचांचं, म्हणजे बाराशे सीसीचं. सोबत कागद होते, आणि तेच महत्त्वाचं. १९६९ सालापर्यंत हार्ले-डेव्हिडसन गाडीचा नंबर फक्त इंजिनावर ठोकत असे, डाव्या बाजूला, क्रँककेसवर. चासीवर गाडीचा नंबर नसे. त्यामुळे सरकारदरबारी गाडी म्हणजे ते इंजिन. खालची चासी काढून भंगारात घाला, दुसरी आणा, तिसरी आणा, गाडी तीच. १९७०पासून चासीवरही नंबर आला आणि ही मोकळीक संपली. चॉपर नावाचा प्रकार एवढा फोफावला त्यामागं बंडखोरी, स्वातंत्र्य वगैरे मोठे शब्द लोक वापरतात. मला वाटतं, त्यात नंबर कुठं ठोकायचा या कारकुनी सोयीचाही वाटा असणार. इंजिन तेच ठेवून चासी बदललेली माणसं आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीत शंभरेक भेटतात, मीही त्यातलाच. पण ही उपमा ताणण्यात अर्थ नाही. माणसाचा नंबर नेमका कुठं ठोकलेला असतो ते मला सांगता येणार नाही.

चॉप म्हणजे छाटणं. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या पोरांनी जड अमेरिकी गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढून टाकले, मागचे अर्धे कापले, जे जे न लागेल ते उतरवलं. तिथून ही गोष्ट सुरू झाली. मग करवत चासीवर आली. मान कापायची, मागं झुकवून पुन्हा जोडायची, म्हणजे पुढचं चाक लांब जातं. हे जोडकाम करणारे सगळेच काही कसबी नव्हते. माना तडकायच्या. त्यात १९५८ साली हार्लेनं आपल्या मोठ्या गाड्यांना मागं शॉकअप दिले. ज्यांना ती जुनी, कडक, सरळ उतरती पाठ हवी होती त्यांना एकतर १९५८च्या आधीची चासी हुडकावी लागे, नाहीतर कुणीतरी नवी बनवून द्यावी लागे. साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात अशा नव्या चासी बनवणारी दुकानं निघाली. कुणाची मान दोन इंच उंच, कुणाची चार इंच पुढं, आणि कॅटलॉगात बघून पैसे पाठवले की घरपोच. काही कंपन्या मोठ्या झाल्या. बाकी म्हणजे एक शेड, एक जिग, म्हणजे नळ्या पकडून ठेवायचा सांगाडा, आणि दोन माणसं. माझी चासी त्या बाकीच्यांपैकी.

अण्णांना हा छाटण्याचा प्रकार पटवून देणं अवघड गेलं. आपल्याकडे गाडी घेतली की आधी काय काय लावायचं ते ठरतं. लेग गार्ड, साडी गार्ड, कॅरिअर, साइड बॉक्स, पुढं लिंबू-मिरची, मागं मडफ्लॅपवर पोरांची नावं. दूधवाल्यांच्या राजदूतवर किटल्या अडकवायच्या कड्या अण्णांनीच किती वेल्ड करून घेतल्या असतील. ते एकोणऐंशीचे आहेत, लेथ विकून नऊ वर्षं झाली. व्हिडिओ कॉलवर मी चासी दाखवली.

"मागं स्प्रिंग न्हाई?"

"नाही. अशीच असते."

"मग खड्ड्यात गेल्यावर?"

"सीटला स्प्रिंग असते, अण्णा. बाकी आपलाच मणका."

"पैसं देऊन मणका घालवायचा," ते म्हणाले आणि फोन आईकडं दिला.

रंग उतरवायला तीन शनिवार गेले. वरचा काळा, हातब्रशनं मारलेला, कुणीतरी घाईत विकायला काढताना फासलेला असावा. त्याखाली निळा. निळ्याखाली पुन्हा काळा. त्याखाली एक करडा अस्तराचा थर. आणि सगळ्यात खाली, रसायनानं फुगून आलेल्या पापुद्र्याआडून, लाल. साधा लाल नव्हे. चंदेरी तळावर पारदर्शक लाल रंगाचे हात आणि आत चमचमणारे बारीक कण, सत्तरच्या दशकातला तो प्रसिद्ध मेटल फ्लेक. दुपारच्या उन्हात तळहाताएवढा तुकडा उघडा झाला तेव्हा मी खरवडायचं थांबवून नुसता बघत बसलो. कुणाच्या तरी तरुणपणाचा तो रंग होता. मग खरवडला. दुसरा इलाज नव्हता.

लालच्या खाली लांबी निघाली. त्या काळी चासीचे सांधे लांबीनं भरून, घासून, एका नळीतून दुसरी नळी जणू फांदीसारखी उगवली आहे असं दाखवायची पद्धत होती. दिसायला अप्रतिम. पण लांबीखाली काय आहे ते देव जाणे. माझ्या चासीच्या मानेजवळ बोटभर जाड भरली होती. एवढी लांबी म्हणजे खाली काहीतरी लपवलंय, अशा तयारीनंच मी छिन्नी घातली.

खाली काही लपवलेलं नव्हतं. खाली सुरेख वेल्ड होतं.

सुरेख म्हणजे काय हे सांगायला हवं. वेल्ड करताना धातू वितळून त्याचं छोटं डबकं होतं. ते डबकं पुढं सरकवत न्यायचं, मागचं गोठत जातं, आणि गोठताना त्याच्या लाटा उमटतात, एकावर एक सरकवून ठेवलेल्या नाण्यांसारख्या. हात थरथरला, क्षणभर लक्ष गेलं, तर एक नाणं मोठं होतं, एक वाकडं. इथं मानेभोवती, जिथं तीन नळ्या एकत्र येतात आणि हात घालायला जागा नसते, तिथंही नाणी एका मापाची होती. आणि त्याच्यावर बोटभर लांबी! ज्यानं हे केलं त्याला ठाऊक असणार की हे झाकलं जाणार आहे. तरी केलं. मी बावीस वर्षं जी चिन्हं काढली, त्यातलं प्रत्येक चिन्ह कुणीतरी असं किंवा याहून वाईट उतरवलं असेल. मी कधी बघायला गेलो नव्हतो.

त्या रात्री, म्हणजे कोल्हापुरात सकाळी, पुन्हा फोन लावला. अण्णांनी चष्मा बदलला. "जवळ ने. आता फिरव. दुसरी बाजू." पाचएक मिनिटं ते नुसते सूचना देत होते. माझा हात अवघडला. मग म्हणाले, "डावरा हुता."

"कोण?"

"ज्यानं झाळ मारली त्यो. लाटा बघ. फुगीर बाजू जिकडं, तिकडनं सुरुवात. उजव्या हाताचा मानूस उजवीकडनं डावीकडं येतोय. ह्यो सगळीकडं उलटा गेलाय."

मी म्हटलं, चासी जिगवर फिरवून घेतली असेल, अडचणीच्या जागी उलट्या बाजूनं जावं लागलं असेल. अण्णा म्हणाले, सगळीकडं अडचण असती व्हय? माझी अजून खात्री नाही. पण त्या दिवसापासून मी त्याला डावरा म्हणायला लागलो, आणि एकदा नाव पडलं की माणूस तयार होतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका शेडमध्ये, बहुधा इथून तासाभराच्याच अंतरावर, डाव्या हातात टॉर्च धरून उभा असलेला. वय माहीत नाही, रंग माहीत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. जगातली सगळ्यात प्रसिद्ध चॉपर म्हणजे १९६९च्या 'ईझी रायडर' चित्रपटात पीटर फोंडानं चालवलेली, टाकीवर अमेरिकी झेंड्याचे तारे आणि पट्टे असलेली. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडून निघालेल्या जुन्या हार्ले लिलावात घेऊन चित्रपटातल्या गाड्या बनवल्या होत्या. बनवणारे होते बेन हार्डी आणि क्लिफ वॉझ. हार्डीचं दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज होतं; वॉझ नागरी हक्कांच्या चळवळीत राबलेला कार्यकर्ता. दोघेही कृष्णवर्णीय. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नाही. त्या गाडीची छायाचित्रं जगभरच्या खोल्यांच्या भिंतींवर लागली, तिच्या नकला देशोदेशी झाल्या, आणि ती कुणी बांधली हे सर्वसाधारण लोकांपर्यंत पोचायला कित्येक दशकं गेली. त्यातल्या बहुतेक गाड्याही चोरीला गेल्या, म्हणजे दाखवायला वस्तूही फारशी उरली नाही. हार्डीच्या बाबतीत हा अन्याय होता, सरळ. माझ्या डावऱ्याच्या बाबतीत तसं म्हणता येईल का, मला ठरवता आलेलं नाही. त्याला कदाचित नाव नकोच असेल.

अण्णांना विचारलं, एवढे बुश कातलेत, कधी वाटलं नाही का एखाद्यावर आपली खूण ठोकावी? ते म्हणाले, "बुश आत गेल्यावर कोन बघतंय? पैसं वेळेवर आलं का, तेवढं बघायचं."

चासी सरळ आहे की नाही हे बघण्याचं काम मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात संगणकाचा काही उपयोग नव्हता. गॅरेजची फरशी पातळीत नाही, म्हणून पोलादी टेबलाखाली पत्र्याचे तुकडे सारून ते पातळीत आणलं. मानेतून घासून सरळ केलेला गज घातला. मागच्या आसाच्या जागी दुसरा. मधोमध दोरी ताणली आणि मानेच्या गजावरून ओळंबा सोडला. ओळंबा इथं मिळतो, पण माझ्याकडे कोल्हापूरचा पितळी होता, आजोबांचा, ते गवंडी. दोरी मागच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्यातून जायला हवी होती. उजवीकडं गेली, अष्टमांश इंचानं.

"एक सूत," अण्णा म्हणाले.

एक इंच म्हणजे आठ सूत. कॉलेजात गेल्यावर मी मिलिमीटरवाला झालो आणि अण्णांचं सूत मला अडाणीपणाचं वाटायला लागलं होतं. अमेरिकेत आलो तर हे लोक इंच, अर्धा, पाव, अष्टमांश करत बसलेले! उद्यमनगर आणि कॅलिफोर्निया एका मापात बोलत होते आणि मध्ये मीच दुभाष्या म्हणून नापास. एक सूत चालतंय का, असं विचारलं. "आसाला वॉशर घाल. चासी पिळू नको. पन्नास वर्सं तशी बसलीया, आता तिला काय सरळ करतोस."

मानेचा कोन अडतीस अंश निघाला. कारखान्यातून येणाऱ्या हार्लेचा तो तीसच्या आसपास असे. हे आठ अंश म्हणजे नुसती ऐट नव्हे. मानेची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढं भेटते. त्या दोन जागांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. दुकानातल्या ढकलगाडीचं चाक आपोआप मागं वळून सरळ चालायला लागतं ना, तेच तत्त्व. माझ्या एकवीस इंची चाकाला आणि फोर्कच्या अडीच इंच ऑफसेटला अडतीस अंशांवर हे अंतर साडेसात इंचांच्या आसपास येतं. तीस अंशांवर पाचाच्या आत राहिलं असतं. साडेसात म्हणजे महामार्गावर गाडी रुळावरच्या डब्यासारखी सरळ जाणार, आणि घराच्या दारात वळवताना हँडल एकदम एका बाजूला कलंडणार, हट्टी म्हशीनं मान टाकावी तसं. शिवाय मान झुकली की पुढची बाजू खाली येते, म्हणून फोर्कच्या नळ्या सहा इंच जास्त लांबीच्या घ्याव्या लागल्या. डावऱ्यानं किंवा त्याच्या मालकानं हे सगळं कशाच्या आधारानं ठरवलं असेल? आकडेमोड केली असेल, किंवा आधीची एक गाडी चालवून बघून 'अजून थोडी' म्हटलं असेल. मला दुसरं जास्त शक्य वाटतं.

तडा सापडला तो अगदी शेवटी. नळ्या स्वच्छ करून लाल भेदक द्रव मारायचा, पुसायचा, मग पांढरी पावडर फवारायची. जिथं तडा असेल तिथं आत शिरलेला लाल रंग केसासारखा वर येतो. मानेजवळ काही नाही, इंजिनाच्या बैठकीशी काही नाही. मग सीटखालच्या उभ्या नळीच्या पायथ्याशी पाऊण इंचाची लाल रेघ उमटली. डावऱ्याच्या वेल्डमध्ये नव्हे, त्याच्या शेजारी. कुणीतरी मागाहून वायर आत घालायला नळीला भोक पाडलं होतं आणि तडा त्या भोकातून निघाला होता. हार्लेचं इंजिन दिवसभर जे हादरे देतं ते अशी जागा बरोबर हुडकून काढतं.

वेल्डिंग शिकायला मी एका सामुदायिक महाविद्यालयाच्या रात्रीच्या वर्गात नाव घातलं होतं. वर्गात सगळी विशीची पोरं. पहिले दोन महिने माझ्या पट्ट्यांवर नाणी नव्हे, कोंबडीची विष्ठा उमटायची. टिग वेल्डिंगमध्ये उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात भरण्याची तार आणि पायाखाली विजेचं पॅडल, तिन्ही एकदम. तबला, पेटी आणि शिलाई मशीन एकाच माणसानं वाजवावं असा प्रकार. चार महिन्यांनी शिक्षक म्हणाले, चालेल. छान म्हणाले नाहीत.

तड्याच्या दुसऱ्या टोकाला एक सुताचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढं पळू नये. खाच पाडली. आर्गॉन सोडला, हेल्मेट खाली केलं. अडीच इंचांचं काम. काचेतून डबकं दिसलं, हिरवट प्रकाशात थरथरणारं, आणि मला एकदम जाणवलं की बाजूलाच डावऱ्याची नाणी आहेत आणि माझी त्याच्यापर्यंत जाऊन भिडणार आहेत. तिथं हात आखडला. थांबलो, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबलो.

फोटो पाठवला, काही न लिहिता, पूर्ण सांध्याचा. अण्णांचं उत्तर आवाजी निरोपात आलं. "खालची डावऱ्याची. वरची तुझी. तीनदा थांबलायस." मग थोड्या वेळानं दुसरा निरोप. "धरंल पण."

रंगवणाऱ्याला सांगितलं, लांबी नको, नुसतं अस्तर आणि काळा. त्यानं सांधे बघितले, माझ्या जोडावर बोट ठेवलं आणि विचारलं, एवढा भाग तरी भरू का? नको म्हटलं. लालचा विचार मनात येऊन गेला होता. पण तो लाल माझा नव्हता.

बाकीची जुळणी मी लिहीत नाही. इंजिनाच्या बैठकीत अर्ध्या सुताचे पत्रे घालणं, साखळीची रेषा जुळवणं, तेलटाकी दोनदा बसवून दोनदा काढणं, यात आठ महिने गेले आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. शिव्या होत्या, त्या मराठी होत्या. नोंदणीसाठी तपासायला आलेला अधिकारी डाव्या बाजूला वाकला, क्रँककेसवरचा नंबर कागदाशी ताडून बघितला, सही केली. चासीकडं त्यानं गाडी छान दिसते म्हणण्यापुरतं बघितलं.

किक मारून ती सुरू झाली तेव्हा नोव्हेंबरची सकाळ होती. बुलेटला ॲमीटरचा काटा मध्यावर आणून डिकॉम्प्रेसर सोडायची जी पूजा असते, तशीच हिचीही आहे, फक्त देव जास्त रागीट. अकराव्या किकेला तिनं धूर टाकला आणि धरलं. अण्णांना फोन लावून मी तो एक्झॉस्टजवळ धरला. त्यांच्याकडं रात्र होती, झोपायच्या तयारीत होते.

"एक ठोका गाळतीया," ते म्हणाले.

मी समजावलं. यात दोन सिलिंडर पंचेचाळीस अंशांवर असतात, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच पिनवर, त्यामुळे स्फोट समान अंतरानं होत नाहीत. एक तीनशे पंधरा अंशांनी, पुढचा चारशे पाच अंशांनी. तो लंगडा ठेकाच या गाडीची ओळख आहे, लोक त्यासाठी पैसे मोजतात.

"लंगडी ती येगळी," अण्णा म्हणाले. "ही लंगडती पन हाय आन् मधीच एक गाळती पन हाय. फुडचा प्लग काढून बघ."

फोनच्या एवढ्याशा माइकमधून, साडेतेरा तासांच्या पलीकडून, काय ऐकू येणार, असं म्हणून मी फोन ठेवला. गाडी थंड होईपर्यंत चहा केला. मग पाना घेतला आणि पुढचा प्लग काढला. काळा होता, आणि ओला.